शेपूट तोलायची सवय

माझी मुलगी मला वहिनी म्हणते.

यात कुणी माझ्यावर अन्याय वगैरे केलेला नाही. आम्हा कझाकांत पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं, एवढंच. तोग्झान अकरा महिन्यांची असताना तिने पहिलं पाऊल टाकलं, तिच्या पायांत बांधलेली रंगीत दोरी कापायचा कार्यक्रम झाला, एक मेंढी कापली, पन्नास माणसं जेवली, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला आपल्या शालीत गुंडाळून गावी नेलं. तिचे कपडे मीच बांधून दिले, वर हसलेसुद्धा. तेव्हापासून ती आजीला आई म्हणते, स्वतःच्या बापाला दादा म्हणते, आणि दादाची बायको म्हणून मला वहिनी. मोठ्यांसमोर आपल्या पोराला जवळ घ्यायचं नाही, ही आणखी एक रीत. त्यामुळे गावी गेले की मी तिला चहा ओतून द्यायची आणि ती म्हणायची, "वहिनी, साखर." मला त्याची सवय झालीय असं मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत आले. थापा मारत आले.

ती पाल आमच्या घरात आली नसती तर आणखी दहा वर्षं मारत राहिले असते.

झालं असं, की गेल्या ऑगस्टमध्ये चुलतदिराच्या लग्नाला सासूबाई आणि तोग्झान इकडे शिम्केंत शहरात आमच्याकडे आल्या होत्या. बाजारात मासे आणि पक्षी विकणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथल्या एका काचेच्या खोक्यासमोर ही पोरगी जी उभी राहिली, ती तासभर हललीच नाही. आत बोटाएवढी एक पाल. पिवळी, अंगावरचे तपकिरी पट्टे फुटून नुकते कुठे ठिपके व्हायला लागलेले. बिबट्या पाल म्हणतात तिला. भिंतीवर चढणारी नव्हे. हिचे पाय चिकटत नाहीत, आणि हिला चक्क पापण्या असतात, डोळे मिटून झोपते. माझा नवरा मार्गुलान बाप म्हणून काही करू शकत नाही, पण दादा म्हणून लाड करायला त्याला कुणाची बंदी नाही. त्याने पाल घेऊन दिली. तोग्झानने तिचं नाव ठेवलं तारी, कारण अंगावरचे ठिपके भाजलेल्या बाजरीच्या दाण्यांसारखे, आणि त्या बाजरीला आम्ही तारी म्हणतो.

गावी पोचल्यावर पहिल्याच सकाळी सासूबाईंनी काय करावं? आमच्याकडे घरात साप शिरला तर मारत नाहीत. त्याच्या डोक्यावर दूध नाहीतर ताक, काहीतरी पांढरं ओततात, दार उघडून देतात आणि मानाने वाटेला लावतात. सासूबाईंनी तारीच्या डोक्यावर वाटीभर ताक ओतलं आणि दार उघडलं. खेळून परतलेल्या तोग्झानला ती दोन तासांनी सरपणाखाली सापडली, पांढरीफटक, थरथरणारी. त्यानंतर दोन महिने आजी-नातीचं शीतयुद्ध चाललं. ऑक्टोबरात थंडी पडली तशी सासूबाईंनी सांगून टाकलं, की या घरात एक तर ही राहील नाहीतर मी. मार्गुलान त्या बाजूला ट्रक घेऊन जात असतो. येताना तो तारीला एका डब्यात घालून, डबा आपल्या केसाळ टोपीत आणि टोपी कोटाच्या आत धरून, पाच तास एका हाताने ट्रक चालवत घेऊन आला; काचेचं खोकं मागे सामानात.

त्याच संध्याकाळी आठ वाजता माझा फोन वाजला. तोग्झानचा फोन. ईदला, वाढदिवसाला तिच्या हातात फोन दिला जायचा आणि ती "सलाम, वहिनी" म्हणून परत करायची, तेवढंच आमचं बोलणं. तिने आपणहून लावलेला हा पहिला.

"दाखव," ती म्हणाली.

मी कॅमेरा खोक्याकडे वळवला. तारी वाळवंटी मुलखातली, तिला घरच्यासारखं वाटावं म्हणून मी शेजारच्या बांधकामावरून छान बारीक वाळू आणून आत पसरली होती. पलीकडून दहा वर्षांची माझी मुलगी माझ्यावर अशी उखडली, की इतकं बोलायला माझी सासूसुद्धा धजत नाही. लहान पिल्लू शिकार पकडताना वाळू गिळतं, वाळू पोटात अडकते आणि मरतं, एवढंही तुला कळत नाही का, वहिनी? मी फोन उशीला टेकवून मुकाट्याने वाळू उपसली आणि स्वयंपाकघरातले कागदी रुमाल अंथरले. ती बघत होती. मग म्हणाली, "आता बरं दिसतंय. उद्या आठ वाजता."

उद्या आठ वाजता. रात्री कामाला हात लागेना. मी घरीच गाद्या-रजया शिवते, नवरीसोबत द्यायच्या सामानाच्या ऑर्डरी असतात. त्या दिवशी एका नवरीच्या रजईवर मी टाके घातले ते सगळे वाकडे, दुसऱ्या दिवशी उसवावे लागले.

मग रोज आठला फोन. तोग्झान सांगायची आणि मी करायची. खोक्याचा अर्धा तळ गरम हवा, अर्धा थंड, म्हणजे तिला हवं तिथे ती जाऊन बसेल. गरम बाजूच्या खाली गरम होणारी चटई, आणि तिचा पारा बत्तीसच्या वर जाता कामा नये. लपायला तीन जागा: एक उबेची, एक गारव्याची, आणि एक ओलसर, कात टाकायला. पाणी रोज बदलायचं. खायला अळ्या आणि रातकिडे, आणि त्यांना आधी कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचं. अळी तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. मी शिवणाची टेप घेऊन पालीचं कपाळ मोजायला बसले तेव्हा मार्गुलान दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, "हिच्यासाठी कोट शिवणार वाटतं." मी म्हटलं, तुझ्या आईने ताकाने न्हाऊ घातली, मी कोट शिवते, तू फक्त अळ्या आण.

अळ्या मी कोंड्यात ठेवल्या, गाजराचे तुकडे घालून, पिठाच्या डब्याशेजारी. दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी तोंड वाकडं केलं असतं.

पहिले तीन दिवस तारीने काही खाल्लं नाही. मलाही घास उतरेना. एका अंगुळभर जिवासाठी एवढं का, असं मार्गुलान विचारायचा, आणि मी त्याला खरं सांगायची नाही. खरं हे, की ती मेली असती तर आठ वाजता फोन कशाला वाजला असता? चौथ्या संध्याकाळी अळी समोर आल्यावर तिचं शेपूट मांजरीसारखं हललं, ती दबकली आणि तिने गपकन अळी गिळली. तोग्झान तिकडून आणि मी इकडून, दोघी एकदमच ओरडलो. सासूबाईंचा आवाज मागून आला, काय झालं गं, कोण पडलं?

नोव्हेंबरात एक दिवस तारी पांढरी पडली. सगळं अंग राखेसारखं. मी भर दुपारी तोग्झानला निरोप पाठवला, तर मधल्या सुट्टीत तिचं उत्तर आलं: कात टाकतेय, घाबरू नकोस, आणि ती कात खाऊन टाकेल, तेव्हाही घाबरू नकोस. कात निघाली, पण पुढच्या पायाच्या चार बोटांना चिकटून राहिली. ती तशीच राहिली तर बोटं गळतात, असं तोग्झानने वाचलेलं. मी बशीत कोमट पाणी घेतलं, तारीला त्यात उभं केलं आणि कापसाच्या काडीने ती पापुद्र्यासारखी कातडी एकेका बोटावरून सोडवली. बोटं ती केवढी, साबुदाण्याएवढी. तोग्झान तिकडून सुटलेली बोटं मोजत होती. चौथं बोट मोकळं झालं तेव्हा म्हणाली, "तुझे हात छान आहेत, वहिनी."

कॅमेरा नेहमी खोक्यावर असल्यामुळे तिला माझं एवढंच दिसायचं, हात. मी त्या आठवड्यात हातांना मलम लावत होते. बाईला वेड लागतं म्हणतात ते असंच लागत असावं.

तिला माहीत नव्हतं, पण लहान जीव कसा वाढवायचा हे मला पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसवून शिकवत होतं. तोग्झानच्या वेळी मला कुणी काही करूच दिलं नाही. चाळीस दिवसांची झाल्यावर चाळीस चमचे पाण्याने तिची अंघोळ घातली ती सासूबाईंनी, नखं कापली ती सासूबाईंनी. मी दूध पाजायची तेवढी. मागून इसाताय झाला, तो आता चार वर्षांचा आहे, तो माझा. त्याचं सगळं मी केलं. पण पहिल्याचं राहिलेलं दुसऱ्यावर भरून निघत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत तोग्झान रोज एकच विचारायला लागली. शेपूट जाड झालंय का? या पालीची सगळी चरबी शेपटीत साठते. शेपूट मानेपेक्षा जाड असलं की तब्येत चांगली, बारीक झालं की समजायचं काहीतरी बिनसलंय. आता हे मला शिकवायची गरज होती का? माझे वडील मेंढ्यांचे व्यापारी. आमच्या मेंढ्यांची चरबी शेपटीतच असते, परातीएवढं शेपूट. बाजारात वडील मेंढीच्या मागे जायचे, हात खाली घालायचे आणि शेपूट तळव्यावर घेऊन तोलायचे, बोटांनी दाबायचे. त्यावरून ही मेंढी हिवाळा काढेल की नाही ते सांगायचे, आणि कधी चुकायचे नाहीत. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर तोलत आलेय. अजूनही मेंढी दिसली की माझा हात आधी तिकडे जातो.

सोळा तारखेला सकाळी मी कागद बदलत होते. तारी उबेच्या जागेतून अर्धी बाहेर आलेली, शेपूट माझ्याकडे. मला वाटलं भरलंय. खात्री करावी, म्हणजे संध्याकाळी तोग्झानला ठामपणे सांगता येईल. मी तीन बोटांनी धरलं आणि दाबलं, वडील दाबायचे तसं.

शेपूट माझ्या हातात आलं. तारी चिर्र ओरडून आत पळाली, आणि बोटांतलं शेपूट मात्र वळवळत राहिलं. मी ते टाकलं, तर ते कागदावर उड्या मारायला लागलं. इसाताय टाळ्या वाजवत म्हणाला, "दोन झाल्या." मी त्याला कधी मारत नाही, त्या दिवशी हात उगारला.

रक्त फारसं नव्हतं. फोनवर वाचलं, की घाबरली की ती शेपूट टाकते, नवीन येतं. जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवावी, कागद दिवसातून दोनदा बदलावा, आणि जास्त खाऊ घालावं, कारण साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या शेपटीत गेलं. वाचून मी भिंतीला टेकून बसले. तिने तीन महिन्यांत जमवलेलं मी एका सकाळी मोडून ठेवलं होतं, आणि तेही चांगलं बघायला जाऊन.

संध्याकाळी मी कॅमेरा फक्त तोंडाकडे धरला. दुसऱ्या दिवशीही. आठ दिवस मी काय काय करून तारीचा पुढचा भागच दाखवला. कधी उजेड कमी होता, कधी ती लपलेली होती, कधी इसाताय मध्ये येत होता. नवव्या दिवशी तोग्झान म्हणाली, शाळेत प्राण्यावर लिहायचंय आणि चित्र काढायचंय, पूर्ण दाखव, शेपटीसकट.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तारखेसकट.

"दाबलंस कशाला?" तिने विचारलं.

"भरलंय का बघायला. मेंढीचं बघतात तसं."

"ती मेंढी नाहीये."

"हो."

"आणि आठ दिवस तू मला फसवत होतीस."

यावर मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

मग आठ वाजायचे आणि फोन वाजायचा नाही. मी रोज आठला तारीचा एक फोटो पाठवायची, आता शेपटीकडूनच, लपवायचं काही राहिलं नव्हतं. खाली लिहायची: आज तीन अळ्या. आज पाच. जखम सुकली. आज टोकाला लहानसा कोंब दिसतोय. मिनिटाभरात दोन निळ्या खुणा उमटायच्या, म्हणजे ती फोटो बघायची. उत्तर नाही. सबंध फेब्रुवारी मी त्या दोन निळ्या खुणांवर काढला. फोन मीच लावावा असं मार्गुलान म्हणायचा. मी लावला नाही. दहा वर्षं मी तिला काही मागितलं नव्हतं, आणि माफी मागायला सुरुवात केली तर मी कुठे थांबले असते कोण जाणे.

मार्चच्या सुरुवातीला सासूबाईंचा मार्गुलानला फोन आला. पोरगी नीट जेवत नाही, त्या म्हणाल्या, नुसती घुम्यासारखी बसते. नवरोजच्या सुट्टीत आम्ही येतोय आणि त्या प्राण्याला घेऊन जातोय. माझ्या घरात साप-सरडे राहणार असतील तर राहोत. मार्गुलान खूश झाला. सगळं सुरळीत झालं म्हणाला. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पाल गेली म्हणजे आठ वाजण्याला अर्थच उरणार नव्हता.

वीस तारखेला त्या आल्या. सासूबाई दारातच बूट काढता काढता म्हणाल्या, "रोज आठला ते फोटो बघत बसायची, पण फोन करेल तर शपथ. रुसायला तुझ्यावर गेलीय ही, कुन्सुलू."

दहा वर्षांत हिचं काही माझ्यावर गेलंय असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या बोलून पुढे गेल्या, मी त्यांचा कोट हातात घेऊन तिथेच उभी.

तोग्झान उंच झाली होती. माझ्याकडे न बघता ती थेट खोक्याकडे गेली आणि गुडघ्यांवर बसली. तारीला नवीन शेपूट आलं होतं, आखूड, गुळगुळीत, छोट्या सलगमसारखं, ठिपके नसलेलं. पण जाड होतं, मानेपेक्षा जाड. तोग्झान बघत राहिली. मग सासूबाई आल्या, चष्मा लावला, वाकल्या, म्हणाल्या, "बघू तरी, धरलंय का अंग," आणि हात आत घातला. तीन बोटं, अंगठा खाली. थेट शेपटीकडे.

मी त्यांचं मनगट धरलं.

सुनेने सासूचा हात धरावा, असं आमच्याकडे होत नाही. माझंच मला कळायच्या आधी झालं. "आई, नको," मी म्हटलं, "तुटतं."

त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "म्हणजे हे असंच झालं होतं तर."

"हो."

"मग त्यात तुझं काय चुकलं? मीही तेच करत होते." त्या तोग्झानकडे वळल्या. "आणि तू हिच्यावर दोन महिने रुसून बसलीस?"

तोग्झानचं तोंड आधी गोरंमोरं झालं, आणि मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. "दोघी मेंढ्यावाल्या," ती म्हणाली. मीही हसले, हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते तिने पाहिलं.

ते तीन दिवस मी सुखात होते, हे लिहून ठेवते. संध्याकाळी आम्ही दोघी खोक्यासमोर गुडघ्यांवर बसायचो, ती अळी चिमट्यात धरायची, मी पारा बघायची. तिच्या केसांना धुराचा वास येत होता, गावच्या शेगडीचा. एकदा तिने न विचारता माझ्या हातातली कापसाची काडी घेतली आणि तारीची बोटं बघत म्हणाली, ही बोटं वाचली ती तुझ्यामुळे. सासूबाई आत असल्या की मी जरा लांब सरकून बसायची. सवय.

निघायच्या सकाळी चहाला बसलो. सासूबाई मानाच्या जागी, मी समावराच्या बंबाजवळ, चहा ओतायला. "गाडीवाला अकराला येतो," त्या म्हणाल्या. "शेगडीजवळचा पेटारा मी रिकामा केलाय, त्यावर हिचं खोकं ठेवू. ताक ओतणार नाही, शब्द दिलाय पोरीला."

मी सामान आधीच बांधलं होतं. चटई, तापमापक, कॅल्शियमची पुडी, अळ्यांचा डबा, आणि चार पानं भरून लिहिलेल्या सूचना. त्यातल्या अर्ध्या तोग्झाननेच मला शिकवलेल्या. मी पिशवी पुढे सरकवली.

तोग्झान चहाकडे बघत म्हणाली, "राहू दे तिला इथेच."

"काय?" सासूबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. "सहा महिने डोकं खाल्लंस माझं. या वयात पाच तास गाडीत बसवून आणलंस. आणि आता राहू दे?"

"तिकडे नेली तर मग वहिनीला फोन कशाला करायचा?"

"कर की. तुला कोण नको म्हणतंय?"

"तू विचारतेस. वहिनीला फोन करू का म्हटलं की विचारतेस, कशाला? तारीला बघायचंय म्हटलं की मग काही बोलत नाहीस."

मार्गुलान टेबलावरच्या कापडाची नक्षी बघत होता. या पुरुषाला असल्या वेळी नेहमीच कुठेतरी नक्षी सापडते.

मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. पण त्या तोग्झानची बाही घट्ट धरून बसल्या होत्या. सासरे जाऊन तीन वर्षं झाली. त्या घरात त्या दोघीच, एक म्हातारी आणि एक पोर. इतकी वर्षं मी समजत होते की गमावणारी मी एकटीच. त्या क्षणी मला दिसलं, की ही बाई दहा वर्षं भीत आलीय, आणि भीत आलीय ती मला.

मी गप्प बसले असते तर तारी राहिली असती. आठ वाजता फोन वाजत राहिला असता, तारी पंधरा-वीस वर्षं जगते, तोपर्यंत. ऑक्टोबरपासून मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. पण माझ्या मुलीला माझ्याशी बोलायला पाल मध्ये लागावी, हे काही मला सोसेना.

"घेऊन जा तिला," मी म्हटलं. "ती तुझी आहे. आणि फोन कारणाशिवाय कर. आईंनी विचारलं, कशाला, तर सांग, वहिनी वाट बघते म्हणून. दहा वर्षं बघतेय."

बोलले आणि माझे कान तापले. सासूसमोर, चहा ओततानाच, सगळ्यांच्या देखत. मार्गुलानने पहिल्यांदा मान वर केली. तोग्झान माझ्याकडे बघत होती, हातांकडे नाही, तोंडाकडे.

सासूबाईंनी वाटीवर तळवा ठेवला, म्हणजे चहा पुरे. "उठा," त्या म्हणाल्या. "गाडीवाला थांबायचा नाही." एवढंच. जाताना त्यांनी माझ्या कपाळाला ओठ लावले, ते दर वेळी लावतातच. तोग्झानने डबा कोटाच्या आत घेतला होता, त्यामुळे तिला मला मिठी मारता आली नाही.

पहिल्या दिवशी आठ वाजले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही. खोक्याच्या जागेवर मी शिवणाची टोपली ठेवली, तिसऱ्या दिवशी ती उचलून पुन्हा खाली ठेवली. बोलायला नको होतं असं वाटायचं, आणि बोलले ते बरं झालं असंही वाटायचं, एकाच तासात दोन्ही. चौथ्या दिवशी मी आठ वाजता फोन दुसऱ्या खोलीत ठेवून इसातायला अंघोळ घातली, आणि सगळा वेळ कान तिकडेच.

पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. सासूबाईंचा नंबर. त्या मला कधी फोन करत नाहीत, करतात तो मार्गुलानला. सुई हातातून सुटली. पाल मेली, नाहीतर माणूस.

"आई, काय झालं?"

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "काम काही नाही. ही शाळेतून आलीय. घे, बोल हिच्याशी."

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

"वहिनी," तोग्झान म्हणाली, "तू जेवलीस का?"

मी बाराला जेवले होते, दोन वाट्या. पण नाही म्हटलं. मग ती मला रागावली, दोन वाजले तरी जेवत नाही म्हणजे काय, काम काय पळून जाणार आहे का, असं खूप वेळ. मी एकेका शब्दाला "हो, चुकलं" म्हणत ऐकत राहिले.